पुरूचे प्रकरण

दिवाळी अंकासाठी काही लिहून द्या, असे संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणात येते, आणि दसरा उंबरठ्याशी येईपर्यंत मी ते टेबलावर नुसते इकडून तिकडे सरकवीत असतो. यंदा मात्र विषय शोधायला कोठे जावे लागले नाही. माझ्या भाच्याने तो घरी आणून दिला. आणि तोही रागारागाने.

भाच्याचे वय सव्वीस. आमच्या वळ गावातल्याच एका गोदामात तो मालाची नोंद ठेवतो. सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळेत जातो. तिला आता कोणी तालीम म्हणत नाही. अंग असे कमावले आहे की सदऱ्याची बाही दंडावर चढता चढत नाही. घरात सगळ्यांना त्याचे कौतुक. पण भाद्रपदात, गौरी यायच्या सुमारास, माझ्या बहिणीला फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या. ती घाबरून माझ्याकडे आली. आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, अंग भरावे म्हणून पोरे ही औषधे टोचून घेतात. हृदयाचे आणि यकृताचे पुढे काय होते ते आमच्याकडे आल्यावर कळते. मी भाच्याला ओट्यावर बसवले आणि मामाने जे बोलायचे असते ते सगळे बोललो. त्याने ऐकून घेतले, आणि म्हणाला, “मामा, मला सगळं ठाऊक आहे. दहा वर्षं कमी झाली तर होऊ देत. आजोबांसारखं खाटेवर पडून ऐंशी गाठायची, त्यापेक्षा पन्नाशीत जाईन. पण जाईन तो असा.” आणि त्याने दंड दाखवला.

माझे वडील शेवटची सहा वर्षे अंथरुणाला खिळून होते. भाच्याने लहानपणी ती वर्षे पाहिली आहेत. त्यामुळे मला चटकन उत्तर सुचले नाही. सुचत नाही ते पुस्तकात शोधायचे, ही माझी जुनी खोड. मी कपाटातून वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ काढली आणि त्याच्या हातात ठेवली. तारुण्याच्या हव्यासाने एका राजाचे काय झाले ते वाच म्हटले. मनात म्हटले, उरलेले काम खांडेकर करतील.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आले. भाच्याने ते माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “मामा, ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. ज्याचं तारुण्य घेतलं तो पुरू कुठं बोलतो? तुमच्या पुस्तकाची पानं गळालीत का?”

पाने गळाली नव्हती. चाळीस वर्षांत ही कादंबरी मी चार-पाच वेळा वाचली आहे, तिच्यावर एकदा वाचनालयात बोललोही आहे. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो मला का पडला नाही, याचा विचार करता करता हा लेख झाला.

‘ययाति’ 1959 साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि 1974 साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले तेव्हा तो मान मराठीला प्रथमच लाभला. तिच्या भाषेच्या अलंकारांवर, सुभाषितांच्या गर्दीवर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे; ते मी येथे उगाळत नाही. मला बोलायचे आहे ते निवेदनाविषयी. ही कादंबरी तीन माणसे सांगतात, आणि तिघेही ‘मी’ म्हणून सांगतात. या पद्धतीत एक गंमत असते. जो ‘मी’ म्हणतो त्याचा निम्मा अपराध वाचक आधीच माफ करून बसलेला असतो. ययाती लंपट आहे, दुबळा आहे, स्वतःच्या मुलाचे तारुण्य मागण्याइतका निर्लज्ज आहे; पण तो आपल्याशी बोलतो. त्याच्या बालपणाचे दुःख आपल्याला ठाऊक होते, त्याच्या रात्री ठाऊक होतात, त्याचा पश्चात्ताप त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतो. देवयानीचा अहंकारही तिच्या तोंडून ऐकताना सोसवतो. शर्मिष्ठेविषयी तर बोलायलाच नको. पुरू तेवढा बाहेरून दिसतो. तो येतो, देतो, पूज्य होतो. ज्याने किंमत मोजली त्यालाच ‘मी’ म्हणण्याची सोय या कादंबरीत नाही.

हा खांडेकरांचा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही, किंवा एकट्या त्यांचा वाटत नाही. त्यांना आजच्या भोगलोलुप माणसाचे चित्र काढायचे होते, आणि ते ययातीच्या मनात शिरल्यावाचून काढता आले नसते. पण त्यागाची मूर्ती मखरात बसवली की तिला बोलू द्यायचे नाही, ही आपली जुनी रीत त्यांनीही मोडली नाही. पुरूला बोलू दिले असते तर तो काय बोलला असता? “मी दिले, आणि देताना मला भीती वाटली,” एवढे जरी तो म्हणाला असता तरी कादंबरीचा तोल कोठल्या कोठे गेला असता.

मूळ महाभारतात ही कथा आदिपर्वात येते, आणि ती पुन्हा वाचली तर आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ रोखठोक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययाती अकाली म्हातारा होतो. ही जरा दुसऱ्याला देता येईल, एवढा उःशाप मिळतो. मग बाप एकेका मुलाला बोलावून विचारतो. आपण ही गोष्ट लहानपणी ऐकली ती अशी, की चार मुले वाईट निघाली आणि पाचवा चांगला निघाला. पण त्या चौघांची उत्तरे वाचा! यदू म्हणतो, म्हातारपणी खाण्यापिण्याचे सुख जाते, दाढी पांढरी होते, नोकरचाकरसुद्धा मान ठेवीत नाहीत. तुर्वसू म्हणतो, बळ जाते, रूप जाते, बुद्धी जाते. द्रुह्यू म्हणतो, हत्ती-घोड्यावर बसता येत नाही, बोलताना जीभ अडखळते. अनू म्हणतो, म्हातारा पोरासारखा अवेळी खातो आणि लाळ गाळतो. यांतले एकही वाक्य खोटे नाही. माझ्या वडिलांच्या खाटेशेजारी सहा वर्षे बसलेला माणूस त्याची साक्ष देईल. त्या चौघांनी म्हातारपण नको म्हटले आणि शाप घेतले. माझा भाचा म्हातारपण नको म्हणतो तेव्हा तो त्याच चौघांच्या पंगतीला बसतो. त्याला मूर्ख कसे म्हणू?

आणि पाचवा पुरू. तो हो म्हणतो. महाभारताप्रमाणे बाप त्याच्या तारुण्यावर एक हजार वर्षे सुख भोगतो. भोगाने भोगेच्छा शमत नाही, हे हजार वर्षांनी त्याच्या ध्यानात येते, मग तो तारुण्य परत करतो आणि धाकट्याला राज्य देतो. ययातीच्या शहाणपणाचा तो श्लोक कीर्तनकारांनी घरोघर पोचवला. पण ती हजार वर्षे पुरूने कशी काढली याविषयी व्यासांनीही मौनच पाळले आहे. अवेळी खात, अडखळत बोलत, नोकरांचा उपमर्द सोसत तो एका कोपऱ्यात बसला असेल, आणि बाजूच्या महालातून त्याच्याच तारुण्याचे हसणे त्याला ऐकू येत असेल. खांडेकरांच्या कादंबरीत ही हजार वर्षे नाहीत. तेथे ययातीला लवकर जाग येते. माझ्या मते खांडेकरांच्या हळव्या मनाने येथे पुरूवर दया केली, आणि त्यामुळेच व्यवहारातली खरी क्रूरता थोडी झाकली गेली.

आता एक चमत्कार पाहा. ‘ययाति’ लिहिली तेव्हा खांडेकर साठीच्या घरात होते. प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांना एकसष्ट पुरी झाली होती. 1961 साली तिकडे कन्नडमध्ये गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक प्रसिद्ध झाले. कर्नाड जन्माने आपल्या माथेरानचे, 1938 सालचे. म्हणजे नाटककाराचे वय पुरते तेवीस. उच्च शिक्षणासाठी परदेशी निघायच्या सुमारास, घरच्या अपेक्षांच्या ओढाताणीत त्यांनी ते लिहिले. कथा तीच, पण डोळे बदलले. त्यांनी महाभारतात नसलेले एक पात्र आणले: पुरूची नवी नवरी चित्रलेखा. नवरा एका रात्रीत म्हातारा झाला, सासरा तरुण झाला, आणि सगळे तिला म्हणतात, केवढा हा त्याग! ती हा त्याग स्वीकारीत नाही. सासऱ्याला जाब विचारते आणि शेवटी विष घेते. एकसष्टीच्या लेखकाने बापाच्या मनात शिरून पाहिले, तेविशीच्या लेखकाने मुलाच्या घरात. कोणता लेखक मोठा हा प्रश्न नाही. पण म्हातारपण दुसऱ्यावर टाकण्याची गोष्ट सांगताना, ज्याच्यावर ते पडते त्याच्या घरात सूनही असते, हे तरुण माणसाला आधी दिसले, एवढे खरे. 1966 साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ रंगभूमीवर आले. अवघ्या सात वर्षांत तीन मोठे लेखक एकाच राजाकडे वळले, हे मला फारच बोलके वाटते. स्वातंत्र्य येऊन बारा-पंधरा वर्षे झाली होती. वडीलधाऱ्यांच्या हातून मुलांच्या हाती काय जायचे आहे, याची चिंता हवेतच असली पाहिजे.

हे सर्व मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “ते ठीक आहे. पण मी कुणाचं घेत नाही. माझं मीच कमी करतोय. ययातीची गोष्ट मला लागू नाही.”

बिनतोड वाटले मला ते त्या वेळी. म्हणून मी ययातीला कपाटात ठेवले आणि दुसरीकडे पाहू लागलो. भाच्याची कल्पना एकट्या भाच्याची नाही. लवकर मावळणाऱ्या माणसावर मराठी वाचकाचे प्रेम काही निराळेच आहे. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती 1296 साली, एकविसाव्या वर्षी. थोरले माधवराव पेशवे 1772 साली गेले, सत्तावीस वर्षांचे. आमच्या तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या देवळाशी ज्यांच्या नवसाची कथा जोडलेली आहे, त्या चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, डोळे मिटले. गडकरी तेहतीस. केशवसुत एकोणचाळीस. या आकड्यांचा आपण जपमाळेसारखा उपयोग करतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 साली आली, आणि माधवरावांच्या क्षयाने मराठी घरे रडली. मीही रडलो. पण थेऊरला रमाबाई सती गेल्या, त्या प्रसंगी आपण ज्या गहिवराने पुस्तक मिटतो तो गहिवर नीट तपासला पाहिजे. एका तरुण मरणाच्या शोभेसाठी दुसरे एक तरुण आयुष्य आपण किती सहज ओवाळून टाकतो! येथेही पुन्हा कोणी तरी पुरू आहेच.

सर्वांत जास्त अन्याय आपण केला तो बालकवींवर. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 सालचा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव त्यांना मिळाले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले. अठ्ठाविसावे अजून पुरे व्हायचे होते. बस्स, आपले चित्र तयार झाले: फुलराणीचा कवी, श्रावणाचा कवी, म्हातारा न झालेला, कधी न होणारा. जणू नियतीशी करार करूनच त्यांनी ते तारुण्य विकत घेतले होते!

यात दोन गोष्टी खोट्या आहेत. एक, करार वगैरे काही नव्हता. तो अपघात होता. रेल्वेच्या रुळावर काव्य नसते. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची: ज्याला आपण चिरतरुण म्हणतो तो कवी तरुणपणीच पुरेसा म्हातारा झाला होता. ‘पारवा’ वाचा. ‘शून्य मनाचा घुमट’ वाचा. ‘औदुंबर’ तर आठच ओळींची कविता. पाण्याकाठी स्वस्थ बसलेला तो औदुंबर मला नेहमी एखाद्या वृद्धासारखा वाटत आला आहे, सगळे पाहून झालेल्या आणि कशाचीच घाई नसलेल्या वृद्धासारखा. हे लिहिणाऱ्या माणसाच्या मनात म्हातारपण येऊन बसले होते. केस तेवढे पांढरे व्हायचे राहिले होते. ते पन्नास वर्षे जगते तर त्या म्हातारपणातून काय काढते, हे आपल्याला कधी कळणार नाही. कदाचित ते मागे फिरून पुन्हा हसले असते. मोठे कवी असे मागे फिरतात. आपण मात्र त्यांच्या अर्ध्या वाटेलाच पूर्ण वर्तुळ समजून नमस्कार करतो.

मग खरे तरुण पुस्तक मराठीत कोणते? मला विचाराल तर मी क्षणभरही न थांबता लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव घेईन. 1934 ते 1936 या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. म्हणजे लेखिका साठी ओलांडून गेलेली, वैधव्य आलेली. कोवळ्या वयात लग्न झाले, नवरा शिकवील तेवढे शिकल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने संसार दुभंगला, वर्षांनी पुन्हा सांधला. एवढे सोसलेल्या बाईने रडगाणे लिहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. आणि लिहिले काय, तर पानापानाला हसू फुटावे असे! स्वतःच्या फजितीवर इतके मोकळे हसणे तरुणांना जमत नाही. त्यांना अजून स्वतःची लाज असते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; त्याचे पुढचे अध्याय रचून ते पुरे करण्याची हिंमतही याच बाईंची. ‘स्मृतिचित्रे’ जर कोणी लेखकाचे नाव झाकून मला वाचायला दिले असते, तर मी लेखिकेचे वय पंचवीस सांगितले असते आणि फसलो असतो.

आणि याच पुस्तकात, नगरच्या टिळकांच्या घरात, आपले बालकवी भेटतात. तेथे ते फुलराणीचे कवी नाहीत. ते ठोमरे आहेत. रुसणारे, हट्ट करणारे, घरातल्या लेकरासारखे लक्ष्मीबाईंच्या पदराभोवती वावरणारे. लक्ष्मीबाई त्यांच्याहून बावीस वर्षांनी मोठ्या, आणि त्यांच्यामागे अठरा वर्षे जगल्या. 1918 साली ठोमरे गेले, 1919 साली टिळक गेले. त्या उरल्या. आज बालकवींचे जे चालते-बोलते पोरपण आपल्यापाशी आहे, त्यातले किती तरी या म्हाताऱ्या बाईंनी जपून आणून दिले. ही गोष्ट मला भाच्याला सांगायची होती आणि त्या दिवशी ओट्यावर नीट सांगता आली नाही. लवकर गेलेला माणूस तरुण राहतो तो आपोआप राहत नाही. मागे कोणी तरी म्हातारे व्हावे लागते, आणि आठवण ठेवावी लागते.

याचा अर्थ नुसते पुष्कळ जगण्यात काही आहे असा मात्र कोणी घेऊ नये. तो पक्ष मांडायला चांगदेव पुरेसे आहेत. चौदाशे वर्षे काळाला चकवून जगलेला हा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला, अशी कथा आपल्याकडे सांगतात. समोरचा वयाने पोर, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई काय म्हणाली ते आबालवृद्धांना ठाऊक आहे: इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला! मला या कथेत मुक्ताबाईच्या फटक्यापेक्षा तो मायना अधिक आवडतो. चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला एका पोराला काय म्हणून हाक मारावी ते कळेना, आणि ते न कळल्याचे त्याने लपवले नाही. त्या एका कागदापुरता चांगदेव मला तरुण वाटतो. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’ मिळाली, हा केवढा लाभ!

आता पुन्हा आमच्या गावाकडे. ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. वळ त्यांच्याच शेजारचे. येथे पूर्वी भाताची खाचरे होती. आता जिकडे पाहावे तिकडे पत्र्याची गोदामे, आणि रात्रंदिवस मालाच्या गाड्या. ‘वळ’ म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला पाठीवर उठणारा वळ आठवतो. गावाचे नाव त्यावरून पडले नसेल, पण गोदामांत माल उचलणाऱ्या पोरांच्या खांद्यांकडे पाहिले की नाव शोभते असे वाटते. गेल्या महिन्यात भाच्याचा डबा घेऊन मी त्याच्या गोदामात गेलो होतो. फाटकाशी एका गाडीतून खोकी उतरत होती. खोक्यांवर एका हसऱ्या स्त्रीचे चित्र आणि खाली छापलेले की, हे मलम वयाच्या खुणा पुसते. ती खोकी उत्तरेकडून आलेली विशी-बाविशीतली पोरे पाठीवरून वाहत होती. भिवंडीतल्या यंत्रमागांवरची स्थिती काही निराळी नाही; बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, छातीत जाणारे कापसाचे तंतू. चाळिशीतला माग चालवणारा माणूस साठीचा दिसतो. कोणाचे तरी तारुण्य टिकावे म्हणून कोणाचे तरी असे भराभर खर्ची पडते आहे, आणि या सौद्यात शुक्राचार्यांची, शापाची काही गरज उरलेली नाही.

मला तेथेच होमरचा अकिलीज आठवला. ‘इलियड’मध्ये त्याच्यापुढे दोन वाटा असतात: घरी जाऊन दीर्घ, अप्रसिद्ध आयुष्य काढायचे, किंवा ट्रॉयला तरुण मरून अमर कीर्ती मिळवायची. तो दुसरी घेतो, आणि तरुणांनी अडीच हजार वर्षे त्याची पूजा केली. पण ‘ओडिसी’मध्ये तोच अकिलीज मृतांच्या लोकात भेटतो तेव्हा त्याची भाषा बदललेली असते. मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा पृथ्वीवर एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मोलमजुरी करीत जगणे पत्करीन, अशा अर्थाचे तो बोलतो. पूजा करणाऱ्यांनी हे दुसरे पुस्तक बहुधा वाचलेले नसते. मोलमजुरी म्हणजे काय हे अकिलीजला ठाऊक नव्हते म्हणून तो तसे बोलला, असे गोदामातला एखादा पोरगा म्हणू शकेल, आणि त्याचे खोडून काढणे मला जड जाईल. तरी त्या शूराला मागे वळून पाहता आले, आणि पाहिल्यावर करार मोडावासा वाटला, हे उरतेच.

डबा भाच्याच्या टेबलावर ठेवून मी परत फिरलो, आणि वाटेत त्याच्या बिनतोड वाक्याला असलेली तोड मला सापडली. तो म्हणतो, माझे मीच कमी करतो, कोणाचे घेत नाही. पण कमी कोणाचे होते? सव्वीस वर्षांच्या भाच्याचे तर काहीच कमी होत नाही. त्याचे दंड वाढतात. कमी होते ते पन्नाशीतल्या भाच्याचे. तो माणूस अजून जन्माला आलेला नाही, त्याला कोणी विचारलेले नाही. त्याला कदाचित सून आली असेल, मुलीचे लग्न ठरले असेल, खाचरात उभे राहून पाऊस पाहायची इच्छा झाली असेल. गुडघे दुखत असतील आणि तरीही त्याला जगायचे असेल. त्याच्याकडे जाऊन हा सव्वीस वर्षांचा ययाती म्हणतो आहे, तुझी वर्षे मला दे. महाभारतातल्या बापाने निदान मुलांना बोलावून विचारले होते. चौघांना नाही म्हणता आले होते.

हे मी त्याला दसऱ्याच्या दिवशी सांगितले. सोने द्यायला आला होता. पाया पडला, आपट्याची पाने हातावर ठेवली, आणि ओट्यावर बसला. माझे बोलणे संपेपर्यंत तो रस्त्यावरच्या गाड्या पाहत होता. मग म्हणाला, “मामा, पन्नाशीतला मी तुमच्यासारखाच बोलायला लागलो तर?” मी म्हटले, तोही धोका आहे. तो हसला. त्याची आई आतून श्रीखंडाची वाटी घेऊन आली. एरवी साखरेला शिवत नाही, पण त्या दिवशी त्याने ती घेतली. जाताना मी ‘स्मृतिचित्रे’ त्याच्या हातात दिली. त्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिले, जाडी बोटांनी मोजली आणि विचारले, “यात कोण बोलतं?”

“एक म्हातारी बाई,” मी म्हटले.

पुस्तक घेऊन तो गेला. बाटल्यांविषयी मी विचारले नाही, आणि त्यानेही काही सांगितले नाही.